अथीनाबाईंची लेक

आमच्या घराण्यात आजवर कोणीही देवाच्या पोटी जन्माला आलेलं नाही. जमिनीच्या फेरफारापायी वंशावळ तलाठ्याला इतक्या वेळा सांगावी लागली आहे की पणजोबांपर्यंत ती मला तोंडपाठ आहे. तिच्यात दोन पैलवान, एक हार्मोनियम वाजवणारे चुलत आजोबा आणि बाकी सगळे भातवाले. माझ्या रूपाने त्या वंशात बी. कॉम. शिरलं आणि थेट बँकेच्या काउंटरवर जाऊन बसलं. दैवी अंश म्हणावा असं त्यात काही नाही. ग्राहक मला पाहून कधीकधी ‘अरे देवा!’ म्हणतात, पण तो सूर वेगळा असतो.

असं असताना गेल्या पावसाळ्यात आमच्या रिह्याच्या घरात एक अर्धी देवता राहायला आली.

रिहे म्हणजे मुळशी तालुका. पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडायचं, घोटावडे फाट्याला उजवीकडे वळायचं, घोटावडं मागे टाकायचं, की डोंगर अंगावर येऊ लागतात आणि मोबाईलची रेघ मागे सरकू लागते. पूर्वी आमच्याकडे फक्त पाऊस पडायचा. आता हिंजवडी जवळ आल्यापासून भावही पडत नाहीत. गुंठ्याचे भाव विचारायला येणारी माणसं आजूबाजूला बघतात आणि ‘काय शांत आहे हो इथं!’ असं मोठ्याने ओरडून सांगतात. अशा या गावात आमच्या मातोश्री, अस्मादिक, सौभाग्यवती आणि आमची भाची असं चौघांचं कुटुंब आहे. भाचीला बारावं लागलंय. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, डब्लिनला नर्स आहे. वडिलांनी दुसरा संसार मांडलेला आहे. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीही इथे बोलत नाही.

तर ती अर्धी देवता. तिचं नाव अ‍ॅनाबेथ चेस. राहणार अमेरिका, वय पहिल्या पुस्तकात बारा. रिक रायर्डन नावाच्या लेखकाच्या पर्सी जॅक्सन मालिकेतली ही नायिका. नायक पर्सी हा समुद्रदेवाचा मुलगा, पण डोकं जिथे लागतं तिथे सगळी मदार हिच्यावर. ग्रीकांची बुद्धीची देवता अथीना ही हिची आई आणि फ्रेडरिक चेस नावाचे इतिहासाचे प्राध्यापक हे वडील. प्राध्यापकाला बुद्धीची देवता प्रसन्न व्हावी हे मला पटायला जड गेलं, पण कादंबरी आहे म्हणून सोडून दिलं.

रायर्डन हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्या मुलाला अक्षरं नाचायची आणि एका जागी बसवायचं नाही. त्याला झोपताना ते ग्रीक पुराणं सांगत. पुराणं संपली. मुलगा म्हणाला, नवीन रचा. बापाने रचली. २००५ साली त्यांचं पहिलं पुस्तक झालं. त्यात असं आहे की देवांच्या पोरांना इंग्रजी अक्षरं नाचलेली दिसतात, कारण त्यांचं डोकं मुळात प्राचीन ग्रीक वाचायला बनवलेलं असतं. आणि ती वर्गात चुळबुळ करतात, कारण त्यांचं अंग लढाईसाठी घडलेलं असतं. आमच्या वेळी चुळबुळ करणाऱ्या पोराला कोंबडा करीत. तो पोसायडनचा मुलगा असेल अशी शंकासुद्धा कुणा मास्तरांना आली नाही.

भाची ही पुस्तकं इंग्रजीत वाचते आणि रात्री जेवणं झाल्यावर आज्जीला मराठीत सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज मर्जीने येते. त्यामुळे बॅटरीच्या उजेडात, कौलांवरच्या पावसाच्या साथीवर ऑलिंपसचं पारायण चाले. मातोश्रींनी श्रावणात ‘पांडवप्रताप’ इतक्या वेळा ऐकलेला आहे की देवादिकांच्या भानगडींबाबत त्यांचा शब्द आमच्या आळीत अखेरचा मानला जातो. त्या सुपारी कातरत ऐकायच्या. मी बाजूला वर्तमानपत्र धरून बसायचो. अंधारात वर्तमानपत्र कसं वाचतोस, असं मला कोणी विचारलं नाही, हे त्या कथेचं यश.

पहिल्याच रात्री जन्माचा प्रश्न निघाला. मला घाम फुटला. कुमारी देवतेला मूल कसं झालं, हे बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

‘‘आज्जी, ती पोटातून नाही झाली,’’ भाची म्हणाली. ‘‘अथीनाच्या विचारातून झाली. अथीना स्वतःपण झ्यूसच्या डोक्यातून आली होती, चिलखत घालून.’’

‘‘म्हंजी मानसकन्या,’’ मातोश्री म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

झालं! युरोपातल्या विद्वानांनी ज्यावर ग्रंथ लिहिले तो विषय रिह्यात एका शब्दात निकालात निघाला. ब्रह्मदेवाला मानसपुत्र होऊ शकतात, द्रौपदी अग्नीतून आणि सीता नांगराच्या तासातून येऊ शकते, तर अथीनाबाईंनी काय घोडं मारलंय?

पुढे आलं ते बाळाच्या पाठवणीचं. पश्चिमवाऱ्याने सोन्याचा पाळणा उचलला आणि प्राध्यापकांच्या दारात आणून ठेवला. प्राध्यापक कामात. त्यांनी अथीनेला सांगितलं की बाळ परत घेऊन जा, ऑलिंपसवरच वाढव. थोडक्यात त्यांनी चेक रिटर्न केला. अथीनेने तो परत धाडला आणि सांगितलं, वीरांना मर्त्य माणसानेच वाढवायचं असतं, असा नियम आहे.

मातोश्रींचा अडकित्ता थांबला. ‘‘कुंतीनं पेटी नदीत सोडली. हिनं पाळणा दारात धाडला. त्या मानानं बरीच हाय म्हनायची.’’

कर्णाच्या बाजूने मराठी माणसाने आजवर बरंच रडून घेतलंय. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, तेव्हापासून आमच्या गावातल्या दोन ग्रंथालयांच्या प्रती अश्रूंनी खराब झाल्याचं ग्रंथपाल सांगत. पण कर्णाच्या गोष्टीची ही उलटी बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. तिकडे मर्त्य आई देवाचं पोर पाण्यात सोडते आणि इकडे देवी आपलं पोर मर्त्य बापाच्या उंबऱ्यावर ठेवते. दोन्हीकडे पोराला एकच प्रश्न पडतो. आणि आमच्याकडची ही यादी काही लहान नाही. मेनकेने शकुंतलेला रानात ठेवलं. गंगेने देवव्रताला नेलं, वाढवलं, शिकवलं आणि मग शंतनूला आणून दिलं. आया म्हणून पाहिलं तर तिचा रेकॉर्ड त्यातल्या त्यात चांगला. बाप देवांचं तर बोलायलाच नको. इंद्र आला एकदा खाली, पण कशासाठी? आपल्या पोराचं भलं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या पोराची कवचकुंडलं मागायला.

‘‘देव लोकांचं असंच असतंय,’’ मातोश्री म्हणाल्या. ‘‘वरनं समदं बगत्यात. खाली यायला रजा न्हाय.’’

रजा हा शब्द त्यांनी सहज वापरला. भाची गप्प झाली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

डब्लिनची रजा हा आमच्या घरातला नाजूक विषय. हॉस्पिटलचा ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लागतो. आमचं घड्याळ तिकडच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे. तिची रात्रपाळी संपते तेव्हा आमची शाळेची व्हॅन आलेली असते. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तोही गच्चीच्या एका विशिष्ट कोपऱ्यातून, कारण रेंज तिथेच येते. त्या कोपऱ्याला भाची ‘एम्पायर स्टेट’ म्हणते. पुस्तकात ऑलिंपस पर्वत ग्रीसमधून उठून न्यू यॉर्कला गेलेला आहे आणि तो एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. त्या इमारतीला मजले आहेत १०२. बँकेतल्या माणसाला अशा पत्त्याची धास्ती वाटते. पत्त्याचा पुरावा म्हणून लाईटबिल आणा म्हटलं, तर ही मंडळी वीज स्वतःच पाडतात.

बहिणीकडून पार्सलं मात्र येतात. गेल्या खेपेला निळी लोकरी टोपी आली. आता रिह्यात लोकरी टोपीला वर्षाकाठी दीड महिना काम. पण अ‍ॅनाबेथला बाराव्या वाढदिवसाला आईने टोपीच पाठवली होती, यँकीज नावाच्या बेसबॉल संघाची. ती घातली की माणूस अदृश्य होतो. झालं, आमची भाची ऑक्टोबरच्या उकाड्यात निळी टोपी घालून घरभर हिंडू लागली. आम्ही सहकार्य करायचं ठरवलं. ती समोरून गेली तरी सौभाग्यवती ‘कुठे गेली बाई ही पोरगी!’ म्हणून कपाट उघडून बघत. मातोश्रींना हे नाटक जमलं नाही. ‘‘दिसतीयास तू. ताट वाढलंय, बस,’’ म्हणाल्या. मला स्वतःला त्या टोपीचं फारसं अप्रूप नाही. काउंटरमागे वीस वर्षं बसलेल्या माणसाला अदृश्य व्हायला टोपी लागत नाही. समोरचा माणूस थेट माझ्या आरपार बघून मागच्या साहेबाला हाक मारतो.

मग कोळी आले. अ‍ॅनाबेथला कोळ्यांची भयंकर भीती. त्याला कारण आहे. अरॅक्नी नावाची एक विणकरीण अथीनेपेक्षा सरस विणते असं म्हणाली, म्हणून अथीनेने तिला कोळी करून टाकलं. तेव्हापासून जगातले यच्चयावत कोळी अथीनेच्या पोरांवर डूख धरून आहेत. लहानपणी रात्री ते अ‍ॅनाबेथच्या अंथरुणावर यायचे. सावत्र आईला सांगायला जावं तर सकाळी जाळं गायब, आणि पोरगी खोटारडी. सातव्या वर्षी ती घर सोडून पळाली, त्याच्या मागे हे असं सगळं साठलेलं होतं.

‘‘आईनं भांडान करून ठिवायचं आन् लेकीनं निस्तरायचं,’’ मातोश्री म्हणाल्या. ‘‘घरोघरचंच हाय.’’

आमची भाची वास्तविक रिह्याची पोर. खेकडे पकडणारी. पूर्वी कोळी तळहातावर घेऊन मला दाखवायला आणायची आणि किंचाळण्याचं काम मी करायचो. पण हे पुस्तक वाचल्यापासून ती कोळ्यांना घाबरू लागली. न्हाणीघरात कोळी दिसला की ‘मामा!’ अशी आरोळी. कोळ्यात काही फरक पडलेला नव्हता. सौभाग्यवतींना चार दिवसांनी उलगडा झाला आणि त्या मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, तिला भीती वाटत नाहीये. अथीनेच्या मुलींना वाटते म्हणून ती घाबरतेय.’’ त्यानंतर मी प्रत्येक कोळी झाडूने काढला आणि एकदाही काही बोललो नाही. झाडू मात्र लांब दांड्याचा आणला.

पुढच्या एका पुस्तकात, २०१२ सालच्या, अ‍ॅनाबेथ त्या अरॅक्नीसमोर एकटी उभी राहते. पाय दुखावलेला. ती तिच्या विणकामाची स्तुती करते, आणखी अवघड नमुना विणून दाखव म्हणते, आणि विणता विणता अरॅक्नी स्वतःच त्या विणलेल्या पिंजऱ्यात अडकते. हा भाग मातोश्रींनी दोनदा सांगायला लावला. साठ वर्षांच्या संसारात त्यांनीही बऱ्याच लोकांना स्तुती करून अडकवलेलं आहे. माझे वडील त्यातले पहिले.

मध्येच मी हुशारी करून आपल्याकडची एक अर्धी देवता आणली. रोशनी चोक्शी या अमेरिकन लेखिकेची आरू शाह, २०१८ साली आलेली. तीही बाराची. हिचा पिता साक्षात इंद्र आणि हिच्या अंगात अर्जुनाचा आत्मा. भाचीने दोन दिवसांत संपवलं. मी मातोश्रींना भीतभीत म्हटलं, ‘‘आई, यात अर्जुन मुलगी झालाय.’’ मला वाटलं धर्म बुडेल. ‘‘विराटाच्या घरी वरीसभर बृहन्नडा झालता की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सवय हाय त्याला.’’ त्यांचा हा स्वभाव मला अजून कळत नाही. दूरदर्शनवरच्या मालिकेत गांधारीची पट्टी किंचित सैल दिसली तर त्या रागावतात, पण अर्जुनाला फ्रॉक चालतो! पर्सी जॅक्सनची नवी मालिका डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हाही तेच. पुस्तकातली अ‍ॅनाबेथ सोनेरी केसांची आणि मालिकेत तिचं काम करणारी लीया जेफ्रीज कृष्णवर्णीय. त्यावरून तिकडे पुष्कळ आरडाओरडा झाला. आमच्याकडे मातोश्रींनी मोबाईलवरचा फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, ‘‘द्रौपदीचं दुसरं नाव काय? कृष्णा. मग?’’

आरू भाचीला आवडली, पण मन अ‍ॅनाबेथवरच राहिलं. का, ते मला शकुंतलेने सांगितलं. म्हणजे असं झालं की एका रविवारी मी तिला शकुंतलेची गोष्ट सांगत होतो. मेनकेची मुलगी म्हणजे हिशेबाने तीही अर्धी देवताच. मी आपली नाटकातली शकुंतला सांगायला घेतली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात जी मराठीत उभी केली आणि नंतर बालगंधर्वांनी जिच्यासाठी शालू नेसला ती. कालिदासाची मवाळ, हळवी, अंगठी हरवणारी. भाची कंटाळली. तेव्हा मातोश्री आतून म्हणाल्या, ‘‘महाभारतातली सांग. ती न्हाय रडत.’’

आणि खरंच की! महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत ना अंगठी ना शाप. राजा सरळसरळ नाही म्हणतो, वर तिच्या आईचा उद्धार करतो. तेव्हा ही पोरगी भर दरबारात त्याला सुनावते की माझी आई देवांत वावरणारी आहे. तू जमिनीवर चालतोस, मी आकाशातून जाते. तुझ्यामाझ्यात मेरूपर्वत आणि मोहरीएवढा फरक आहे. ज्या आईने तिला जन्मताच पाखरांच्या हवाली केलं, तिच्या नावावर ही लेक राजाशी भांडते!

‘‘आईला भेटली होती का ती कधी?’’ भाचीने विचारलं.

‘‘त्या वेळेपर्यंत नसावी,’’ मी म्हटलं.

‘‘तरीपण आईचं नाव सांगितलं?’’

‘‘सांगितलं.’’

त्या दिवसापासून ती माणसांची नावं तपासू लागली आणि मलाही तो नाद लागला. बँकेत दुपारी तीननंतर जी थोडी शांतता असते तिच्यात मी यादी केली. कौंतेय, राधेय, सौमित्र, गांगेय, आंजनेय: सगळे मुलगे, आणि सगळे आईच्या नावाचे. जानकी, द्रौपदी, वैदेही, कैकेयी: सगळ्या मुली, आणि बापाच्या नाहीतर बापाच्या गावाच्या नावाच्या. आपल्या महाराष्ट्राचे जुने राजे सातवाहन. त्यांच्यात गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजाच्या नावाआधी राजमातेचं नाव. आणि जुन्नरजवळ नाणेघाटात जिचा लेख आहे ती राणी नागनिका? ती महारठ्याची लेक. मुलग्याने आई लावायची आणि मुलीने बाप, हा डेबिट-क्रेडिटचा नियम कोणी केला, हे काही मला सापडलं नाही. अ‍ॅनाबेथ मात्र ओळख करून देताना पहिल्यापासून सांगते, अथीनेची मुलगी. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ठरवलं की सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. त्या हिशेबाने ती अ‍ॅनाबेथ अथीना फ्रेडरिक चेस. आमची भाची त्या नियमाच्या आधी जन्मलेली, म्हणून तिच्या कागदांवर एकच मधलं नाव आहे. ते उच्चारताना ती जरा भरभर उच्चारते.

याच सुमाराला मालिकेतलं पाचवं पुस्तक संपलं. २००९ सालचं. त्याच्या आधी एक भानगड सांगायला हवी. देवांच्या पोरांसाठी लाँग आयलंडवर एक शिबिर आहे. तिथे प्रत्येक देवाची खोली वेगळी; अथीनेच्या पोरांची सहा नंबरची. पण ज्या पोरांना कोणत्या देवाने आपलं म्हटलेलंच नाही, ती सगळी हर्मीसच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून पडतात. देवाने आपलं म्हटलं की डोक्यावर खूण झळकते. इंग्रजीत त्याला ‘क्लेम’ म्हणतात. आमच्या बँकेत क्लेम करतात तो खातेदार वारल्यावर, त्यामुळे मला तो शब्द ऐकून आधी धसकाच बसला. तर पाचव्या पुस्तकाच्या शेवटी युद्ध जिंकल्यावर देव पर्सीला म्हणतात, माग, तुला अमर करतो. तो अमरत्व नको म्हणतो आणि मागतो काय, तर यापुढे प्रत्येक देवाने आपल्या पोराला तेराव्या वर्षापर्यंत आपलं म्हणायचं.

‘‘आन् त्या पोरीला काय दिलं?’’ मातोश्रींनी विचारलं.

‘‘ऑलिंपस पुन्हा बांधायचं काम. ती आर्किटेक्ट होणार असते ना.’’

‘‘म्हंजी मयासुराचं काम. झ्याक.’’

पण भाचीचं चित्त तेराव्यावर अडकलं होतं. तिला मार्चमध्ये तेरावं लागणार. त्या रविवारी ती गच्चीच्या कोपऱ्यात उभी राहून आईला दिवाळीच्या रजेबद्दल विचारत होती, आणि आम्ही तिघं जिन्यात, ऐकू येत नसल्याचा बहाणा करत. एरवी तिसऱ्या मिनिटाला तुटणारा कॉल त्या दिवशी अकरा मिनिटं टिकला. ती खाली आली आणि म्हणाली, ‘‘बारा दिवस.’’

बहीण वसुबारसेच्या पहाटे टॅक्सीतून उतरली. दोन बॅगा, डोळ्यांवर झोप. मातोश्रींनी भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाल्या, ‘‘आली बया अथीना.’’ बहिणीला काही कळलं नाही. भाची दारामागे टोपी घालून उभी होती. बहिणीने सरळ जाऊन ती टोपी काढली आणि म्हणाली, ‘‘केस केवढे वाढलेत गं!’’ एवढंच. पुढचं मी पाहिलं नाही, कारण टॅक्सीवाल्याला सुटे पैसे द्यायचे होते आणि ते मोजायला मी बराच वेळ लावला.

आता खात्याची गोष्ट. बहिणीच्या मनात लेकीच्या नावाने खातं काढायचं होतं. मी फॉर्म घरी आणला आणि अधिकारवाणीने सांगितलं की दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बँक स्वतःच्या सहीने खातं चालवू देऊ शकते, रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या परिपत्रकातही तसं म्हटलंय. मला वाटलं भाची उडी मारील.

‘‘नको,’’ ती म्हणाली. फॉर्मवर बोट ठेवून तिने वाचलं, ‘‘नैसर्गिक पालक. हे भरायचंय.’’

‘‘अगं, पण गरज नाहीये त्याची.’’

‘‘मामा, जागा आहे ना त्याला? मग भर.’’

नैसर्गिक पालक या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे, तो काउंटरवर कोणी विचारत नाही म्हणून इथे सांगतो. १९५६ च्या कायद्यात लिहिलंय की अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या ‘नंतर’ आई. १९८४ साली गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावाने रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, सही स्वतःची. अर्ज परत आला, बापाची सही आणा म्हणून. बाई सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली कोर्टाने सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावर नव्हे. बाप हयात असला तरी मुलाच्या देखभालीत नसेल, तर आईच नैसर्गिक पालक. एका ‘नंतर’चा अर्थ लागायला पंधरा वर्षं! आमच्याकडे ‘नंतर या’ म्हटलेलं ग्राहक पंधरा मिनिटं ऐकून घेत नाहीत.

मी पालकाचा रकाना उघडला. बहिणीने तिचं पूर्ण नाव लिहिलं. ‘अल्पवयीनाशी नाते’ यापुढे तिने ‘आई’ लिहिलं आणि सही केली. रात्रपाळीच्या औषधांच्या नोंदी करून तिचं अक्षर आता डॉक्टरांसारखं झालंय. भाचीने तो कागद उजेडाकडे धरून खालून बघितला.

‘‘खूण झळकली का?’’ मी विचारलं.

‘‘मामा, गप,’’ ती म्हणाली. पण हसली.

पासबुक छापून मी घरी आणलं त्या दिवशी न्हाणीघरात एक चांगला बोटभर पायांचा कोळी निघाला. मी झाडू शोधत होतो. भाचीने त्याला कागदावर घेतलं आणि पावसाळी मोरीच्या पलीकडे सोडून आली. बहीण बाराव्या दिवशी रात्री निघाली. विमान मुंबईहून पहाटेचं. भाची फाट्यापर्यंत टॅक्सीत गेली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून परत आली. वाटेत काही बोलली नाही, घोटावड्याच्या चढावर फक्त ‘टोपी दे’ म्हणाली. थंडी पडू लागली होती.

दुसऱ्या रात्री मातोश्रींनी पुन्हा अडकित्ता काढला. नवीन पुस्तक सुरू व्हायचं होतं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘‘थांब. त्ये आदी सांग. त्यो पाळना सोन्याचा व्हता म्हनालीस ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग बापानं त्येचं काय केलं?’’

भाची विचारात पडली. मीही वर्तमानपत्र खाली ठेवलं. इतके दिवस मी ही कथा ऐकतोय, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आमच्या शाखेत सोनेतारणाचं टेबल माझ्याकडे आहे, आणि हा प्रश्न सुचावा मातोश्रींना! लेकीच्या नावावर आईने धाडलेला तो एकमेव ऐवज. वजन किती, कॅरट किती, प्राध्यापकांनी कुठल्या लॉकरमध्ये ठेवला, पोरगी पळाली तेव्हा नॉमिनी कोण होतं?

भाचीने बॅटरी घेतली, कपाटातून पहिलं पुस्तक काढलं आणि पानं चाळायला बसली. साडेअकरा वाजले तरी दिवा चालू होता.